डबा कोणाचा?

सुट्टी संपून शाळा उघडल्यावर नववीच्या वर्गाला मी ‘मी केलेला आगगाडीचा प्रवास’ हा निबंधाचा विषय दिला होता. वह्या तपासावयास घेतल्या तेव्हा बहुतेक निबंधांत अपेक्षित तेच आढळले. कोणी दूधसागरच्या शुभ्र धारांचे वर्णन केले होते, कोणी करबुडे येथील साडेसहा किलोमीटर लांबीच्या बोगद्यातील काळोखाचे. कोणाला खिडकीतून मागे पळणारी झाडे आठवली होती, तर कोणाला फलाटावरचा गरम बटाटेवडा. एका मुलीच्या वहीत मात्र एक वाक्य खोडलेले होते. शाईच्या रेघांखालून ते वाचता येत होते. “संडास फार घाण होता म्हणून आईने मला दिवसभर पाणी पिऊ दिले नाही,” असे ते वाक्य होते. निबंधात असले काही लिहावयाचे नसते, असे तिला वाटले असावे. तिला तसे वाटावयास आम्ही शिक्षकच कारण झालो असू, हा विचार माझ्या मनात आला आणि हातातली लाल पेन्सिल तशीच राहिली.

ते वाक्य माझ्या घरचेही होते. दोन वर्षांपूर्वी उत्तरेकडील एका शहरी आप्तांच्या घरी लग्न होते, म्हणून मी आईला घेऊन गेले होते. दोन रात्री आणि मधला एक दिवस, असा तो प्रवास. गाडी सुटली तेव्हा डबा झाडलेला होता, हे प्रथम सांगितले पाहिजे. पण पहिली रात्र सरते न सरते तोच बाकांखाली कागदी पेले, शेंगांची टरफले आणि जेवणाची चंदेरी भांडी लोळू लागली. सकाळी एका शौचकूपाचे भांडे तुंबलेले, दुसऱ्याच्या दाराला कडी नाही, आणि दुपारपर्यंत नळाचे पाणीही संपले. मी पाण्याची बाटली पुढे केली की आई म्हणे, “उदक नाका गो बाय, मागीर पियेतां.” तिचे ते ‘मागीर’ मुक्कामाचे स्थानक येईपर्यंत आले नाही. पासष्टी उलटलेली ती बाई तीस तासांहून अधिक काळ घोट-दोन घोट पाण्यावर राहिली. परिणाम व्हावयाचा तो झाला. लग्नघरी पोचताच तिला लघवीची जळजळ व ताप सुरू झाला. बाहेर मांडवात सनई वाजत होती आणि आई आतल्या खोलीत औषध घेऊन पडली होती. पाणी न पिण्याचे व अडवून धरण्याचे हे फळ, असे डॉक्टरांनी सांगितले. प्रवासात असे करणाऱ्या स्त्रिया आपल्याकडे पुष्कळ येतात, असेही ते म्हणाले.

डब्यातील घाण म्हणजे केवळ नाकाला रुमाल लावून सहन करावयाची गैरसोय, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी आपल्या घरातील स्त्रियांना एकदा विचारून पाहावे. उत्तर बहुधा लाजून, हळू आवाजात मिळेल, पण मिळेल.

आता या दुःस्थितीचा दोष कोणाचा? आपला पहिला हात रेल्वेकडे दाखवतो, आणि तो गैर आहे असे मी म्हणणार नाही. तिकिटाचे पैसे घेतले म्हणजे उतारूला नुसते एका गावाहून दुसऱ्या गावी नेऊन सोडले की कर्तव्य संपले, असे होत नाही. पाण्याच्या टाक्या ठरावीक स्थानकांवर भरल्या जातात. तेथे गाडी उशिरा आली आणि थांबा आखडता घेतला की टाक्या अर्ध्याच भरतात, व पुढील शेकडो किलोमीटर डबा कोरडा धावतो. सफाईसाठी गाडीबरोबर माणसे असतात, पण ती बहुधा कंत्राटदाराची, थोडी, आणि सारा भर आरक्षित डब्यांवर. साध्या डब्यात तर चतुर्थीच्या दिवसांत मुंबईहून कोकणात येणाऱ्या गाड्यांतील उतारूंप्रमाणे माणसे शौचकूपाच्या दारापर्यंत बसलेली असतात. तेथे झाडू घेऊन शिरावयास वाट तरी कोठून असणार? ज्याचे तिकीट स्वस्त, त्याची घाण जास्त, हा न्याय लोकशाही राष्ट्राला शोभणारा नाही. जेवणाविषयी तर बोलावयासच नको. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१७ साली संसदेपुढे ठेवलेल्या अहवालात स्थानकांवर व गाड्यांत विकले जाणारे काही पदार्थ मनुष्याने खाण्यास अयोग्य असल्याचा स्पष्ट शेरा मारला होता. तेव्हा तक्रार करणारा उतारू हा केवळ नाके मुरडणारा मनुष्य आहे, असे कोणी समजू नये.

तक्रार करण्याने काही होत नाही, हेही खरे नव्हे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली उतारू गाडी धावली. पण त्यानंतर कित्येक वर्षे खालच्या वर्गाच्या डब्यांत शौचकूपच नसत. स्थानकावर गाडी थांबली की उतरावयाचे आणि शिटी होण्यापूर्वी परत यावयाचे. १९०९ साली अखिलचंद्र सेन नावाच्या एका बंगाली उतारूवर या पद्धतीमुळे फजितीचा प्रसंग ओढवला. फणस खाऊन त्यांचे पोट बिघडले होते. गाडी थांबताच ते उतरले, इतक्यात गार्डाने शिटी दिली. एका हातात लोटा व दुसऱ्या हातात धोतर सावरीत धावताना गृहस्थ फलाटावर सर्वांदेखत पडले आणि गाडी निघून गेली. त्यांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत साहिबगंजच्या रेल्वे कचेरीला संतापाचे पत्र लिहिले. त्या पत्रामुळे डब्यांत शौचकूप आले, असे सांगतात. दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आलेले लोक ते पत्र वाचून हसतात. फणसाच्या देशात राहणाऱ्या आपण मात्र त्या गृहस्थांचे ऋणी असले पाहिजे. त्यांनी आपली लाज झाकून ठेवली नाही, आणि व्याकरण चुकेल म्हणून वाक्य खोडलेही नाही.

परंतु प्रश्नाची दुसरी बाजू सांगावयाची तर मला माझीच गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच प्रवासात, शौचकूप तुंबल्याचे पाहून मी १३९ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. तिकिटावरील दहा अंकी क्रमांक व डब्याचा क्रमांक सांगितला. तासाभराने एक तरुण सफाई कामगार आला. वय फार तर वीस-बावीस. मी त्याच्यावर रागावण्याच्या तयारीतच होते. त्याने बाही वर सारली, हातावर एक प्लास्टिकची पिशवी गुंडाळली आणि त्या भांड्यात हात घातला. आतून प्रथम पाण्याची चेपलेली बाटली निघाली, मग गुटख्याच्या पुड्या आणि शेवटी लहान मुलाचे वापरून टाकलेले लंगोटे. “हातमोजे नाहीत का?” असे विचारता तो हिंदीत म्हणाला, “दीदी, एक जोड मिळाला होता, तो फाटला.” त्याच्याकडे पाच डबे होते.

नंतर तो हात धुण्याच्या कुंडीकडे वळला. तीही तुंबली होती. तिच्या जाळीवरून त्याने बोटाने काढली ती दहीभाताची शिते होती. आदल्या रात्री आईचा व माझा जेवणाचा डबा मी त्याच कुंडीत विसळला होता. त्या मुलाला ते ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते. रागावण्यासाठी जमवलेले सारे शब्द माझ्या घशातच राहिले. घरी मोरीत खरकटे जाऊ नये म्हणून मोलकरणीला दहादा बजावणारी मी, गाडीत मात्र ते बिनदिक्कत ओतून मोकळी झाले होते. कारण सकाळी ते काढावयास मी तेथे नसणार, असा माझ्या मनाचा हिशेब होता.

आपल्या वागण्याचे मूळ या हिशेबात आहे. आपण गोव्याची माणसे घराच्या स्वच्छतेविषयी फार अभिमानी. अंगण झाडलेले, तुळशीवृंदावन सारवलेले वा रंगवलेले, पावले पुसल्याशिवाय आत येणे नाही. पण आपले घर उंबरठ्यापाशी संपते. उंबरठ्यापलीकडचे ते सरकारचे, आणि सरकारचे म्हणजे कोणाचेच नव्हे. आगगाडीचा डबा तर याहूनही परका. तो धर्मशाळेसारखा, रात्र काढावी आणि सकाळी चालू लागावे. आपण उतरलो त्या बाकावर पुढल्या स्थानकात दुसऱ्या कोणाची तरी आई येऊन बसणार आहे, हे आपल्या ध्यानातच येत नाही.

महात्मा गांधी दक्षिण आफ्रिकेतून परतल्यावर तिसऱ्या वर्गाने देशभर हिंडले. १९१७ साली मुंबईहून मद्रासेपर्यंत केलेल्या अशाच एका प्रवासातील गर्दी, घाण व हाल यांचे त्यांनी सविस्तर वर्णन केले आहे. रेल्वेच्या अधिकाऱ्यांची त्यांनी गय केली नाही, पण कोठेही थुंकणाऱ्या व कचरा टाकणाऱ्या उतारूंचीही केली नाही. सुशिक्षितांनी मुद्दाम तिसऱ्या वर्गाने जावे, लोकांच्या सवयी सुधाराव्यात आणि त्याचबरोबर तक्रारी करून अधिकाऱ्यांना स्वस्थ बसू देऊ नये, अशा आशयाचा विचार त्यांच्या आत्मकथेत आहे. ‘तिसरा वर्ग’ हे नाव आता राहिले नाही, पण त्यांनी नेमून दिलेले हे दुहेरी काम अजून शिल्लक आहे. आपल्यापैकी काही जण फक्त तक्रार करतात, काही जण फक्त ‘आपलेच लोक असे’ म्हणून मान हलवतात. दोन्ही अर्धवट.

शास्त्राने आपले काम बरेचसे केले आहे. पूर्वी डब्यातील मैला थेट रुळांवर पडे. त्याने रूळ गंजत, स्थानके दुर्गंधीने भरत आणि तो मैला हाताने उचलण्यासाठी माणसे लागत. संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेच्या साहाय्याने रेल्वेने जैव शौचालये तयार केली, आणि आता जवळजवळ सर्व उतारू डब्यांत ती बसवली आहेत. डब्याखालील टाकीतील सूक्ष्म जंतू हवेवाचून जगतात व मैल्याचे रूपांतर पाणी आणि वायू यांत करतात. ही योजना उत्तम. पण त्या जंतूंना बाटली पचत नाही, कापड पचत नाही, गुटख्याची पुडी पचत नाही. हाताने मैला साफ करवून घेण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी केली आहे. आपण एक बाटली त्या भांड्यात टाकतो तेव्हा ती बाहेर काढण्यासाठी पुन्हा एका माणसाचा हात आत घालावयास लावतो. कायदा दिल्लीत होतो, तो मोडतो मात्र आपल्या बोटांनी.

अर्थात येथेही रेल्वेने आपला वाटा उचलला पाहिजे. स्त्रियांना लागणाऱ्या वस्तू व बाळांची लंगोटी टाकण्यास शौचकूपातच झाकणाचे भांडे हवे. ते पुष्कळ ठिकाणी नसते, आणि असले तर भरून वाहत असते. टाकावयास जागा न देता ‘टाकू नका’ अशी पाटी लावणे म्हणजे भुकेल्याला उपवासाचे माहात्म्य सांगणे होय. सफाई कामगाराला हातमोजे, पुरेसे पाणी आणि झेपतील तितकेच डबे मिळाले पाहिजेत. रेल्वेच्या हद्दीत घाण करणाऱ्यास पाचशे रुपयांपर्यंत दंड करण्याचे नियम २०१२ पासून आहेत. तथापि ज्या गाडीत कचऱ्याचे पात्रच सापडत नाही तेथे दंडाची पावती कोणत्या तोंडाने फाडावयाची?

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या शिक्षणासाठी पुण्याला जाल, कोणी नोकरीसाठी मुंबईला, कोणी याहूनही दूर. तुमच्या आयुष्यातील कित्येक रात्री आगगाडीत जातील. निघताना शिदोरीबरोबर एक रिकामी पिशवीही घ्या आणि आपला कचरा तिच्यात घालून मुक्कामी उतरवा. खरकटे कुंडीत ओतू नका. हे सांगण्याचा अधिकार मी फार लाजून मिळवला आहे. नळ सोडून जाऊ नका, कारण त्या टाकीतील पाणी पुढच्या मोठ्या स्थानकापर्यंत साऱ्या डब्याला पुरवावयाचे असते. डबा घाण असेल तर गप्प बसू नका. गाडीचा व डब्याचा क्रमांक, वेळ आणि नेमके काय बिघडले ते सभ्य शब्दांत नोंदवा. आणि साफ करावयास येणाऱ्याला ‘ए’ म्हणून हाक मारू नका. तुमच्या आजीला पाणी पिता यावे म्हणून तो आलेला असतो.

त्या नववीच्या मुलीची वही मी परत केली तेव्हा खोडलेल्या वाक्याखाली एक रेघ ओढली व समासात लिहिले, “हे वाक्य पुन्हा लिही.” पुढच्या आठवड्यात पत्रलेखनाचा तास होता. पुस्तकातील नमुन्याप्रमाणे दरवर्षी मी गावातील दिव्यांच्या तक्रारीचे पत्र लिहावयास देत असे. यंदा रेल्वेच्या विभागीय कचेरीस पत्र लिहावयास सांगितले. अठ्ठावीस पत्रे आली. तिचे पत्र सर्वांत लहान होते, त्यात शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या, आणि ते वाक्य होते. चुका दुरुस्त करून तिने ते स्वच्छ अक्षरांत उतरवले आणि आम्ही दोघींनी मिळून टपालात टाकले.