ताग्यातील दोष आणि गणिताची नजर

भिवंडीच्या यंत्रमागावरून उतरलेला कोरा तागा व्यापाऱ्याच्या गोदामात घडीसाठी उलगडला जातो, तेव्हा त्याच्या लांबीवरून सहसा तंटा होत नाही. मीटर कोणाचाही असो, तो सरकारी शिक्क्याचा असावा लागतो. सूत तोलणारा काटाही वैधमापन यंत्रणेने पडताळलेला असावा, असा कायदा आहे. तंटा होतो तो दोषांवरून. उभा धागा तुटून पडलेली रेघ, निसटलेला आडवा धागा, फणीचा चरा, तेलाचा डाग, धाग्यांचा गुंता होऊन पडलेली जाळी यांपैकी काय किती आहे हे व्यापाऱ्याचा तपासनीस ठरवतो आणि त्याच्या शब्दावर मजुरीची कपात होते. भिवंडीचा मागवाला बहुधा मजुरीवर विणतो. सूत व्यापाऱ्याचे, कापडही व्यापाऱ्याचे. माग, जागा, वीज आणि जोखीम मात्र मागवाल्याची. त्याच्यावर बसलेली कपात पुढे मीटरवर मजुरी घेणाऱ्या कारागिराच्या पगारात उतरते, हे वेगळे सांगायला नको. ज्या बाजारात काटा आणि मीटर यांना शिक्का लागतो, त्या बाजारात ज्याच्यावर सर्वांत अधिक पैसा अवलंबून आहे ती नजर बिनशिक्क्याची राहावी, हा विचार करण्याजोगा प्रकार आहे.

तपासनीस लबाड असतो असे मुळीच नाही. प्रकाशित मेजावरून सरकणाऱ्या कापडाकडे तासन्‌तास टक लावून बसणे हे काम माणसाच्या डोळ्याला मानवणारे नव्हे. प्रशिक्षित माणसाच्या नजरेतूनही सुमारे ३० टक्के दोष निसटतात, असा अंदाज या विषयावरील शास्त्रीय लिखाणात वारंवार येतो. दोष मोजण्याचे नियम आहेत. चार गुणांची पद्धत जगभर रूढ आहे. तीन इंचांपर्यंतच्या दोषाला एक गुण, सहापर्यंत दोन, नऊपर्यंत तीन आणि त्याहून लांब असेल तर चार. नियम स्पष्ट आहे. परंतु सकाळी दिसलेला तीन इंचांचा चरा संध्याकाळी थकलेल्या डोळ्याला दिसतच नाही, आणि बाजार मंदीत असला की त्याच डोळ्याला तो पाच इंचांचा दिसू लागतो, त्याला नियम काय करणार?

या अडचणीवर गणितात उपाय आहे, आणि तो नवा नाही. त्याची पाळेमुळे शोधू गेले तर ती एका मागाच्याच शेजारी सापडतात. १८०४ च्या सुमारास फ्रान्समधील लियाँ येथे जॅकार याने छिद्रांच्या पत्त्यांवरून नक्षी विणणारा माग सिद्ध केला. त्याच काळात तेथून शंभर-सव्वाशे किलोमीटरांवरील ग्रनोबल येथे नेपोलियनने नेमलेला एक प्रशासक, जोसेफ फूरिए, जिल्ह्याचा कारभार पाहत असताना उष्णतेच्या वहनाचा अभ्यास करीत होता. कसलेही फलन लहानमोठ्या लाटांच्या बेरजेने मांडता येते, असे त्याने १८०७ च्या निबंधात प्रतिपादन केले. लाग्रांजसारख्या मातब्बर गणितज्ञाला ते पटले नाही. पण १८२२ मध्ये फूरिएचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि पुढे या विचारातून संनादी विश्लेषण ही गणिताची भली मोठी शाखा उभी राहिली.

कापड हे तर या विश्लेषणाचे जणू मूर्त उदाहरण. ताणा आणि बाणा यांची ठरावीक अंतराने होणारी पुनरावृत्ती म्हणजेच विणकाम. अशा कापडाच्या छायाचित्राचे फूरिएच्या रीतीने पृथक्करण केले की इंचात किती धागे आहेत ते मोजक्या ठळक शिखरांच्या रूपाने समोर येते, आणि फणीचा दात वाकल्यामुळे ताग्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला चराही लपत नाही. परंतु एकाच ठिकाणी तुटलेला धागा? तेथे ही रीत अडते. फूरिएची प्रत्येक लाट कापडाच्या या काठापासून त्या काठापर्यंत सारखीच पसरलेली असते. त्यामुळे दोष कोठेतरी आहे एवढे ती सांगते. कोठे आहे, हे सहजी सांगत नाही.

एक छोटा हिशेब पाहिला म्हणजे हे ध्यानात येईल. कापडाच्या एका ओळीत आठ बिंदूंची उजळता मोजली आणि ती ४०, ४०, ४०, ४०, ४०, १२, ४०, ४० अशी आली, असे समजा. सहाव्या बिंदूशी काहीतरी बिघडले आहे, हे उघड आहे. फूरिएच्या रीतीत त्या एका तुटीचा वाटा आठही लाटांमध्ये सारख्याच प्रमाणात वाटला जातो. आता दुसरी रीत घेऊ. शेजारच्या दोन-दोन आकड्यांची सरासरी काढावी आणि त्यांतील फरकाचा निम्मा भाग वेगळा लिहावा. सरासऱ्या येतात ४०, ४०, २६, ४०. फरक येतात ०, ०, १४, ०. दोष तिसऱ्या जोडीत आहे, हे शाळकरी मुलालाही दिसेल. सरासऱ्यांवर हीच क्रिया पुन्हा केली की अधिक रुंद अंतरावरचे फरक मिळतात, आणि असे करीत शेवटी एक सरासरी उरते. ही रीत हंगेरियन गणितज्ञ आल्फ्रेड हार याने १९०९ च्या आपल्या प्रबंधात मांडली. आज ज्यांना तरंगिका म्हणतात त्या लाटांच्या तुकड्यांचे हे सर्वांत साधे रूप. तरंगिका उठते आणि लगेच शमते. तिला जागा असते आणि मापही असते.

हार याच्यानंतर कित्येक दशके हा धागा लोंबकळत राहिला. तो उचलला तेल शोधणाऱ्या एका भूभौतिकीतज्ज्ञाने. जमिनीतून परतणारे कंपनांचे पडसाद उलगडण्यासाठी झाँ मोर्ले याने आखूड लाटा वापरल्या, आणि भौतिकीतज्ज्ञ अलेक्स ग्रोसमन याच्या साहाय्याने १९८४ मध्ये त्याला गणिती बैठक दिली. तो निबंध इव्ह मेयर या गणितज्ञाला एका सहकाऱ्याने छायाप्रतीच्या यंत्रापाशी दाखवला आणि मेयर थेट मार्सेची गाडी पकडून ग्रोसमनला भेटायला गेला, ही हकिकत गणिताच्या वर्तुळात आवडीने सांगतात. पुढे स्तेफान माला याने जलद गणनाची पद्धत दिली, इन्ग्रिद दोबशी हिने १९८८ मध्ये मर्यादित लांबीच्या गुळगुळीत तरंगिका घडवल्या, आणि २०१७ चा आबेल पुरस्कार मेयरला मिळाला.

या प्रवासात उपयोगी पडले ते ज्याला निरुपयोगी म्हणून हसण्याची आपल्याकडे पद्धत आहे तेच शुद्ध गणित. गणितज्ञ सारख्या स्वभावाच्या फलनांची घरे कल्पितात आणि त्यांना फलन-अवकाश म्हणतात. कोणी मऊ वळणाचे, कोणी खडबडीत, कोणी बहुतांशी शांत पण मधूनच एकदम तुटणारे. फूरिएच्या सहगुणकांचे नुसते आकारमान पाहून फलन कोणत्या घरचे, हे बहुतेक घरांच्या बाबतीत ठरवता येत नाही. त्यांची चिन्हे बदलली तर फलन घराबाहेरही पडते. तरंगिकांच्या सहगुणकांचे आकारमान मात्र अनेक महत्त्वाच्या घरांसाठी तेवढेच पुरेसे ठरते. म्हणूनच त्यांतील क्षुल्लक सहगुणक टाकून दिले तरी चित्र बिघडत नाही, आणि जो मोठा उरतो तो काहीतरी सांगत असतो. एकसारख्या विणीत मधूनच एक तुटलेला धागा, हा तिसऱ्या घराचा अस्सल रहिवासी नव्हे काय?

अमेरिकेच्या केंद्रीय गुन्हे अन्वेषण विभागाने बोटांच्या ठशांची साठवण या पद्धतीने करण्याचा निर्णय १९९३ मध्ये घेतला. जेपेग-२००० ही चित्रे आवळण्याची पद्धत तरंगिकांवरच उभी आहे, आणि आपल्या आधारपत्रावरील सुरक्षित क्यूआर कोडमध्ये दडलेले छायाचित्र याच पद्धतीने आवळलेले असते. म्हणजे भिवंडीच्या कारागिराचा चेहरा तरंगिकांच्या साहाय्याने त्याच्या खिशात आहे; त्याचे कापड मात्र अद्याप त्यांच्या दृष्टीस पडलेले नाही. हाँगकाँगची गोष्ट वेगळी. तेथील विद्यापीठातल्या संशोधकांनी २००० साली फूरिए विश्लेषणाने आणि २००२ मध्ये गाबोरच्या, म्हणजे तरंगिकांच्या जवळच्या नात्यातल्या, गाळण्यांनी कापडातील दोष हुडकण्याचे काम प्रसिद्ध केले. वस्त्रव्यवसायावर वाढलेल्या शहराच्या विद्यापीठाला आपले कापड हा गणिताचा विषय वाटला.

महाराष्ट्राला हे का सुचू नये? येथे गणिताचा दुष्काळ होता असे म्हणण्याची सोय नाही. इतिहासकार म्हणून मराठी वाचकाला परिचित असलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे व्यवसायाने गणिताचे अध्यापक. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात असताना १९४३ मध्ये त्यांनी फलन-अवकाशातील संख्याशास्त्रावर एक निबंध लिहिला. ठरीव लाटा न घेता, हाती आलेल्या सामग्रीतूनच तिच्या मांडणीला सोयीचे मूळ आकार कसे काढावेत, हा त्याचा विषय. हीच कल्पना नंतर कारहुनेन आणि लोएव्ह यांच्या नावाने जगात गेली, आणि १९८७ नंतर यंत्राने चेहरे ओळखण्याच्या प्रयत्नांना तिचाच आधार मिळाला. निबंध पुण्यातून गेला. त्याचा पाठपुरावा कोणी केला नाही. आजही पवईची तंत्रज्ञानसंस्था, घाटकोपरची १९५४ पासूनची वस्त्रसंशोधन संस्था आणि वरळीची रेशीम व कृत्रिम धाग्यांची संस्था भिवंडीपासून काही परदेशात नाहीत.

खरे कारण इतिहासात आहे. मुंबईच्या गिरणीत माग आणि प्रयोगशाळा एकाच छपराखाली असत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरणीमालकांनी भिवंडीच्या मागांवर कापड विणून घेतले. विणकाम भिवंडीत आले, प्रयोगशाळा आली नाही. मालाची पारख करण्याचा अधिकार ज्याचे कापड त्याच्यापाशी राहिला, आणि चार-सहा, फार तर दोन डझन माग चालवणाऱ्याने स्वतःची प्रयोगशाळा उभारावी, ही अपेक्षाच हास्यास्पद आहे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. उभा धागा तुटताच माग थांबवणारी साधी यांत्रिक सोय बसवली तर दोष घडणारच नाही. मग तरंगिकांचा खटाटोप कशाला? हे बरोबर आहे. साध्या मागांना अशा सोयी जोडून देण्याची केंद्राची योजना होती, आणि १ एप्रिल २०१७ रोजी ‘पॉवरटेक्स इंडिया’चा प्रारंभ भिवंडीतच झाला. ज्याला हे साहित्य मिळेल त्याने ते आधी बसवावे. परंतु अशी सोय तुटलेला धागा ओळखते. चरा, डाग वा जाळी ओळखत नाही. आणि मुख्य म्हणजे ती दोष टाळते, वाद मिटवत नाही.

दुसरा आक्षेप आधुनिकांचा. आता शिकणारी यंत्रे आली, तरंगिका जुन्या झाल्या. शिकवून तयार केलेल्या जाळ्यांच्या पहिल्या थरात पुष्कळदा गाबोरच्या गाळण्यांसारखेच आकार आपोआप उमटतात, ही गंमत सोडून देऊ. पण तंट्यात निवाडा करणाऱ्याला कारण सांगावे लागते. तरंगिकेचा सहगुणक सांगतो की ताग्याच्या अमुक मीटरवर, उभ्या दिशेने, एवढ्या लांबीची तूट आहे. मागवाला तेथे बोट ठेवून पाहू शकतो. लाखो आकड्यांच्या जाळ्याने नुसते ‘नापास’ म्हटले तर त्याने कोणापुढे दाद मागावी?

तपासनिसांच्या पोटावर पाय येईल, ही भीती खोटी म्हणता येणार नाही. तथापि सापडलेला दोष सांधणे, डाग काढणे, तागा घडी करणे ही कामे हातांचीच राहतात.

यंत्र अवघड नाही. साधा माग मिनिटाला सव्वाशे-दीडशे आडवे धागे टाकतो. इंचाला पन्नास धागे धरले तर तासाला चार मीटरांच्या आसपास कापड निघते. घडीच्या मेजाचा वेग याहून पुष्कळ अधिक असला तरी आजच्या साध्या कॅमेऱ्याला आणि लहान संगणकाला तो झेपतो. कापसाची उडती धूळ, दिव्याचा प्रकाश आणि कंपने यांचा बंदोबस्त करावा लागेल, हे काम गणितज्ञाचे नसून चांगल्या मिस्त्रीचे आहे. प्रश्न यंत्र कोणाच्या हाती असावे हा आहे. ते एकट्या व्यापाऱ्याच्या गोदामात बसले तर कपातीला शास्त्राचा मुलामा चढेल, एवढेच. ते यंत्रमाग सेवा केंद्रासारख्या सार्वजनिक ठिकाणी असावे, नाममात्र शुल्कात कोणालाही तागा तपासून घेता यावा, उतरलेल्या दोषपत्रकाची एक प्रत मागवाल्याला आणि एक व्यापाऱ्याला मिळावी, आणि काट्याप्रमाणे त्या यंत्राचीही ठरावीक मुदतीने पडताळणी व्हावी.

त्यापूर्वी एक काम करावे लागेल. भिवंडीच्या कापडाचे, तेथील दोषांचे, तेथील सुताचे आणि खळीचे नमुने गोळा करून त्यांची छायाचित्रे घ्यावी लागतील; दोषाला तेथला कारागीर कोणते नाव देतो तेही शेजारी लिहून ठेवावे लागेल. हाँगकाँगच्या कापडावर बेतलेली मापे येथे जशीच्या तशी चालणार नाहीत. यासाठी मोठ्या अनुदानाची गरज नाही. वस्त्रविद्येचे काही विद्यार्थी, गणिताचा एखादा अध्यापक आणि मेंडिंगच्या मेजावर आयुष्य काढलेले दोनचार जाणकार एका हंगामात ते करू शकतील.