पाते नवे, चाकू तोच

घडीच्या जुन्या चाकूचे पाते झिजले आणि त्याच्या जागी नवे बसवले, तर तो चाकू जुना म्हणायचा की नवा? प्लुटार्क या ग्रीक लेखकाने थीसियसच्या जहाजाबद्दल असाच प्रश्न नोंदवून ठेवला आहे. कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलत गेल्यावर जहाज तेच राहते का? आपल्याकडे ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला विचारतो की, रथ म्हणजे नेमके काय, चाके की आस? एवढ्या थोर मंडळींना पडलेला हा प्रश्न आपल्या स्वयंपाकघरात मात्र कधीच सुटलेला आहे. विळीचे पाते झिजले की लोहाराकडून नवे करून घेतात, त्याच पाटावर बसवतात, आणि विळी आजीचीच राहते.

घडीच्या चाकूलाही हाच न्याय लावावा, असे माझे मत आहे. आणखी एक पाऊल पुढे जाऊन मी म्हणेन की, जुन्या चाकूला स्वतः नवे पाते बसवणाऱ्या विद्यार्थ्याचे काम शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात प्रयोग म्हणून स्वीकारले जावे. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यातील शाळांनी तर याची सुरुवातच करावी. तिथल्या कितीतरी मुलांचे आईवडील दिवसभर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाशी झुंजत असतात, आणि मुले मात्र प्रदर्शनात थर्माकोलचा ज्वालामुखी घेऊन येतात. ज्वालामुखीशी माझे वैर नाही. पण त्यातून पोलादाविषयी काहीच कळत नाही.

आता चाकूकडे वळू. खटक्याचा चाकू वेगळा, त्याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. घडीच्या साध्या चाकूत फार थोडे भाग असतात. मुठीच्या दोन पट्ट्या, त्यांच्या आतून पितळेचे पातळ पत्रे, पाठीला पोलादाची एक कमान, पाते, आणि या सर्वांना धरून ठेवणाऱ्या दोन-तीन पिना. पात्याच्या मुळाचा भाग जवळजवळ चौकोनी असतो व त्यात पिनेसाठी भोक असते. चाकू पूर्ण उघडा असताना मुळाची एक सपाट बाजू कमानीला टेकते, मिटलेला असताना दुसरी. पाते फिरवताना मुळाचा कोपरा कमानीला उचलतो. कमान वाकते, तिच्यात स्थितिज ऊर्जा साठते. कोपरा ओलांडला की ती ऊर्जा परत मिळते आणि पाते ‘टक्’ असा आवाज करून जागेवर बसते.

हा ‘टक्’ मिळवणे हेच खरे काम. पिनेच्या भोकाच्या मध्यापासून त्या दोन सपाट बाजूंची अंतरे बरोबर जुळावी लागतात. एक बाजू किंचित जास्त राहिली, तर चाकू उघडल्यावर कमान पाठीतून वर डोकावते. कमी झाली तर आत खचते. पाठीवरून नख फिरवले तरी तो फरक कळतो. दुसरी अडचण पाते डुलण्याची. मुळाची रुंदी १० मिलिमीटर आणि पात्याची लांबी ८० मिलिमीटर धरा. पितळी पत्र्यांमध्ये मुळाला ०.१ मिलिमीटर जागा जास्त मिळाली, तर टोक साधारण आठपट, म्हणजे ०.८ मिलिमीटर हलते. समरूप त्रिकोण काढून पाहा, उत्तर मिळेल. भूमितीच्या तासाला हे त्रिकोण कशासाठी शिकवतात, असे विचारणाऱ्यांच्या हाती एक सैल चाकू द्यावा.

इथेच कारखान्याचा आणि या चाकूचा संबंध येतो. १९७२ साली बजाजची चेतक स्कूटर बाजारात आली. तिची क्लच केबल लातूरला विकत घेतली काय किंवा सावंतवाडीला, ती बसायचीच. याचे कारण असे की, प्रत्येक भागाच्या मापाला वरची व खालची मर्यादा ठरवलेली असते, आणि त्या मर्यादेबाहेरचा भाग गेज लावून बाजूला काढला जातो. सुट्या भागांची ही अदलाबदल नसती, तर चाकणचा एकही कारखाना चालला नसता. हातघडणीचा जुना चाकू या जगातला नाही. त्याचे पाते त्या एका कमानीसाठी, त्या एका पिनेसाठी कानशीने घासून बसवलेले असते. शेजारच्या चाकूचे पाते त्यात बसत नाही. म्हणून नवे पाते दुकानात मिळत नाही, ते करावेच लागते. आणि करताना कळते की गेज नावाच्या वस्तूने माणसाचे किती श्रम वाचवले. हा धडा पुस्तकातून देता येत नाही, असे मी म्हणत नाही. पण मुळावर तीनदा कानस चालवून, तीनदा चाकू जोडून-उघडून पाहिल्यावर तो विसरला जात नाही.

पात्यासाठी पोलाद कोणते घ्यावे? आपल्याकडे लोहार व घिसाडी ट्रकच्या कमानपाट्यांपासून कोयते, खुरपी, सुऱ्या घडवत आले आहेत. त्या पोलादात साधारण ०.५ ते ०.६ टक्के कार्बन असतो. कोयत्याला ते उत्तम. पण पाटा जाड असतो, तो ठोकून दोन-तीन मिलिमीटरवर आणणे विद्यार्थ्याचे काम नव्हे. पुष्कळ जण हॅक्सॉच्या जुन्या पात्यापासून चाकू करतात. त्यात एक गोम आहे. हल्लीची बरीचशी हॅक्सॉ पाती द्विधातूची असतात. दात तेवढे हायस्पीड स्टीलचे, आणि पाठ लवचीक पोलादाची. दात घासून टाकून धार लावली, की जे हवे होते तेच नेमके घासून गेलेले असते! संपूर्ण हायस्पीड स्टीलचे मोठे पाते मिळाले तरी ते इतके कठीण असते की, पिनेसाठी हवे तसे भोक पाडताना ड्रिल हार मानते.

त्यापेक्षा भोसरी-चिंचवडच्या टूलरूममध्ये डाय बनवायला वापरतात ती ओ.एच.एन.एस. पोलादाची पट्टी बरी. या नावाचा अर्थच मोठा बोलका आहे: तेलात बुडवून कठीण होणारे व न आकसणारे पोलाद. त्यात सुमारे ०.९ टक्के कार्बन असतो. पट्टी मऊ स्थितीत मिळते, त्यामुळे भोक पाडणे, मूळ घासणे, कमानीशी जुळवून पाहणे हे सर्व आधी करता येते. मग तिला पाणी द्यायचे. आपल्या भाषेत ‘पाणी देणे’ असे म्हणतात खरे, पण इथे ते तेल असते. सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्यावर लोहाच्या स्फटिकांची रचना बदलते आणि कार्बनचे अणू त्यांत विरघळतात. तेलात झटकन थंड केले की त्यांना बाहेर पडायला वेळच मिळत नाही. अडकलेल्या कार्बनमुळे स्फटिक ताणलेले राहतात, पोलाद कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही. म्हणून पुन्हा २०० अंशांच्या आसपास तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करतात. न आकसणारे म्हणून हेच पोलाद हवे. कारण आधी घासून जुळवलेली मापे या सर्व उष्णतेनंतरही जवळजवळ तशीच राहतात.

शेवटची धार लावताना मात्र घाई नडते. चाकाच्या दगडावर पाते दाबून धरले तर धारेवर आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि निळा रंग उमटतो. पृष्ठभागावर लोहाच्या ऑक्साइडचा पातळ थर बसतो, तापमानाबरोबर त्याची जाडी वाढते व प्रकाशलहरींच्या व्यतिकरणामुळे रंग बदलतो. साबणाच्या फुग्यावरचे रंग याच जातीचे. निळा रंग सुमारे ३०० अंशांची खूण आहे, आणि तोवर धारेचा कठीणपणा बराच उतरलेला असतो. म्हणून दर काही क्षणांनी पाते पाण्यात बुडवावे, किंवा सरळ हाताने दगडावर धार लावावी.

जुन्या कमानीला शक्यतो हात लावू नये. गंज काढण्यासाठी तिला आम्लात तर मुळीच टाकू नये. आम्ल आणि लोह यांच्या क्रियेतून निघणाऱ्या हायड्रोजनचे काही अणू पोलादात शिरतात व कठीण केलेली कमान ठिसूळ होते. एके दिवशी चाकू उघडतानाच ती तुटते. पातळ मशीन ऑइल, बारीक पॉलिश पेपर आणि सबुरी एवढे पुरते. नवी पिन ठोकताना पाते व पितळी पत्रा यांच्यामध्ये तेलात भिजवलेल्या कागदाची पट्टी ठेवतात. पिनेचे डोके ठोकून पसरले की कागद ओढून काढायचा. जेवढी त्याची जाडी, तेवढी पात्याला फिरायला जागा.

आता आक्षेप. पहिला असा की, नवा चाकू स्वस्तात मिळतो, मग हा खटाटोप कशाला? स्वस्त मिळतो हे खरे. पण त्याची मूठ बहुधा पात्यावर प्लॅस्टिक ओतून केलेली असते. पाते गेले की मूठही कचऱ्यात. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ हे पोर्टल सुरू केले. त्यात शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, टिकाऊ घरगुती उपकरणे आणि वाहने अशी चार क्षेत्रे आहेत. हक्क कागदावर आला; पण वस्तू उघडायची कशी, हे ज्याला माहीत नाही तो ह्या हक्काचे काय करणार?

दुसरा आक्षेप गंभीर आहे: मुलांच्या हातात चाकू द्यावा का? घर्षणचाक चालवणे आणि पाणी देणे ही कामे मोठ्या माणसानेच करावीत, डोळ्यांवर चष्मा लावून. धार अगदी शेवटी लावावी, तोवरची सर्व जुळणी बोथट पात्यावर होते. आणि तयार चाकू खिशात किंवा दप्तरात जाता कामा नये. त्याला कामही नेमून द्यावे. चाकणपासून जवळच तळेगाव-मावळ भागात गुलाबाची शेती होते. गुलाबाचा डोळा भरायला लागतो तो घडीचाच चाकू, आणि त्याला फार तीक्ष्ण धार लागते. शाळेच्या बागेसाठी असा एक चाकू शिक्षकांच्या कपाटात कुलपात राहिला, तर कोणाची हरकत असू नये.

तिसरा आक्षेप मला थोडा मान्य आहे. काही वस्तूंना हात लावूच नये. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील अडकित्त्यांना कोणी नवी पाती बसवली तर आपण त्याला अडाणी म्हणू. तिथे झिजलेली कडसुद्धा एक नोंद असते. म्हणून घरच्या चाकूचे जुने पातेही टाकू नये. तेलकट कागदात गुंडाळून, वर तारीख लिहून ठेवावे.

शाळेत हे जमेल का, असे शिक्षक विचारतील. चाकणहून फार दूर नसलेल्या पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला आणि हाताने काम करत विज्ञान शिकण्याचा अभ्यासक्रम आखला. पुढे अनेक शाळांनी तो आठवी ते दहावीच्या वर्गांसाठी घेतला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे पाठवायची सूचना केली आहे. कारागीर शोधायला या पट्ट्यात फार फिरावे लागणार नाही. वर्गातल्या कोणाच्या तरी घरी एखादा टूलमेकर निघेलच, आणि डायच्या घाणीबरोबर एक लहानसे पाते भट्टीत टाकायला तो नाही म्हणणार नाही.

परीक्षकांना एकच विनंती. टेबलावर नुसता चकचकीत चाकू मांडलेला दिसला तर त्याला बक्षीस देऊ नका. शेजारी जुने पाते, मापांची वही आणि वाया गेलेली पाती मागा. एकाचे भोक सरकलेले असेल, एकाचे मूळ जास्त घासले गेले असेल, एक निळे पडलेले असेल. त्या प्रत्येकाबद्दल विचारा.