आधी इथं आलोय?

अनोळखी गावातल्या एखाद्या वळणावर आपण इथं पूर्वी येऊन गेलोय असं अचानक वाटतं. कुणी त्याला पूर्वजन्माची खूण मानतं, कुणी विसरून जातं. या अंकात आम्ही त्या क्षणाचं मानसशास्त्र समजून घेतो आहोत.

हा अनुभव हुकमी येत नाही, म्हणून तो अभ्यासायला अवघड. वाट दाखवली संमोहनाने. अकिरा ओ'कॉनर, अमांडा बार्नियर आणि रोशेल कॉक्स यांचा प्रयोग २००८मध्ये प्रसिद्ध झाला. संमोहनाला सहज प्रतिसाद देणाऱ्या एका गटाने कोड्याचा खेळ सोडवला आणि मग त्यांना तो विसरण्याची सूचना मिळाली. दुसऱ्या गटाला खेळ न देताच तो ओळखीचा वाटेल असं सुचवलं गेलं. संमोहनानंतर खेळ समोर आला, तेव्हा 'हे आधी घडलंय' असं दुसऱ्या गटातल्या जास्त जणांना वाटलं. ओळखीची भावना आठवणीशिवायही जागी होते, ती अशी. 'मागचा जन्म दाखवतो' म्हणणाऱ्यांकडे जाण्यापूर्वी प्रत्येकाला हे ठाऊक असायला हवं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

तुमचे अनुभव आम्हाला जरूर लिहून पाठवा. मात्र ते वारंवार येत असतील, सोबत भान हरपत असेल, तर आधी मेंदूविकारतज्ज्ञांना भेटा.