पॉवर बँक आठवणीने घेता, मग क्रेप बँडेज का नाही?

पावसाने जोर धरला की शनिवारी रात्री पुण्या-मुंबईतून ट्रेकर्सच्या गाड्या सह्याद्रीकडे निघतात. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, राजमाची, हरिहर. बॅगेत रेनकोट, पॉवर बँक, सुका खाऊ असं सगळं असतं. प्रथमोपचार पेटी मात्र 'लीडरकडे असेलच' या भरवशावर घरीच राहते. गणित चुकतं ते इथेच.

गडावर वेगळं काय?

शहरात पाय मुरगळला तर रिक्षा मिळते. गडावर १०८ ची रुग्णवाहिका रस्ता संपतो तिथेच थांबते. पुढची वाट पायी, निसरडी आणि अनेकदा मोबाइलला रेंज नसलेली. जखमीला खांद्यावर किंवा स्ट्रेचरवर खाली आणायला कित्येक तास लागू शकतात. या वेळात त्याच्याजवळ डॉक्टर नसतो, असतात फक्त सोबतचे मित्र.

पेटीत काय हवं?

क्रेप बँडेज, निर्जंतुक गॉज, चिकटपट्टी, अँटिसेप्टिक, हातमोजे, कात्री, ओआरएसची पाकिटं आणि स्वतःची नेहमीची औषधं. दमा असेल तर पंप हवाच. हे सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेलं असावं, नाहीतर पहिल्याच धबधब्यात त्याचा लगदा होतो.

काय करावं, काय टाळावं?

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने जखम सलग दाबून धरावी, सारखं उचलून पाहू नये. हाड मोडल्याची शंका आली तर काठीचा आधार देऊन तो भाग स्थिर ठेवावा. आग्या मधमाश्या उठल्या तर हात न झटकता तोंड झाकून लांब पळावं. साप चावल्यास चिरा देणं, विष चोखणं, घट्ट आवळून बांधणं हे तिन्ही टाळावं. चावलेला भाग न हलवता रुग्णाला उचलून लवकरात लवकर रुग्णालयात न्यावं, कारण त्यावर इलाज प्रतिविष हाच आहे.

जबाबदारी कोणाची?

राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणलं. त्यात आयोजकांसाठी नोंदणी आणि सुरक्षेच्या अटी आहेत. पण व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलेल्या मित्रांच्या ट्रेकला आयोजक कुठला? आणि अट कागदावर असली तरी पट्टी शेवटी माणसालाच बांधावी लागते. म्हणून नाव नोंदवताना 'नाश्त्याला काय?' या प्रश्नाआधी 'प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कोणी घेतलंय?' हे विचारायला हवं. उत्तर 'कोणीच नाही' असेल, तर एक रविवार गडाऐवजी प्रशिक्षण वर्गाला द्यावा. गड कुठे जात नाही. सोबतचा माणूस धडधाकट परत यायला हवा.