हद्दीपलीकडची स्वस्ताई

पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या हद्दीवरून सावंतवाडीच्या बाजूस चोरवाटेने उतरणाऱ्या मनगटी घड्याळांची आणि नायलॉनच्या कापडाची जी अपूर्वाई होती, ती त्या वस्तूंच्या गुणांपेक्षा भारत सरकारच्या आयात-निर्बंधांतून अधिक निपजलेली होती. 19 डिसेंबर 1961 रोजी त्या हद्दीचे राजकीय प्रयोजन संपले आणि 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कराचा अंमल सुरू होताच राज्याराज्यांतील विक्रीकराचे नाकेही उठले. तथापि बांद्याहून गोव्यातील पत्रादेवीकडे वळणाऱ्या गिऱ्हाइकांची लगबग काही ओसरली नाही. कारण मानवी सेवनाच्या मद्यास खुद्द राज्यघटनेनेच या नव्या करातून वगळले, आणि पेट्रोल-डिझेलवर तो कोणत्या तारखेपासून लागू करावयाचा हे जीएसटी परिषदेच्या मर्जीवर सोडले. ती तारीख अद्याप उजाडलेली नाही.

पेट्रोलचेच पाहा. 2012 साली मनोहर पर्रीकर यांच्या सरकारने गोव्यातील पेट्रोलवरचा मूल्यवर्धित कर जवळजवळ शून्यावर आणला, तेव्हा शेजारच्या मुलखातील वाहनांची गोव्याच्या पंपांकडे रीघ लागावी यात नवल ते काय? पुढे तो कर टप्प्याटप्प्याने पुन्हा चढला, तरी तफावत राहिलीच. तिकडे कागल ओलांडून कर्नाटकातील निपाणीच्या वाटेस लागले की ‘महाराष्ट्रापेक्षा स्वस्त’ अशा फलकांनी वाहनधारकास साद घालणारे पंपही लोकांनी पाहिले आहेत. अशा पंपावर टाकी काठोकाठ भरून घेणारा दुचाकीस्वार गाडी दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे हलवून, पेट्रोल खाली बसवून, आणखी चार थेंबांची जागा करतो, त्या वेळी त्याच्या मुद्रेवरील समाधान पाहण्यासारखे असते. हिशेब मात्र रुक्ष आहे. लिटरमागे 5 रुपयांचा फरक धरला तर 10 लिटरांमागे 50 रुपये वाचतात. पण त्यासाठी जाऊन-येऊन 20 किलोमीटरांचा फेरा पडला, तर शंभराच्या घरातील भावाने 40 रुपयांचे पेट्रोल जाळूनच तो घरी पोहोचतो, आणि उरलेल्या 10 रुपयांचा बहुधा त्याने तिकडेच चहा घेतलेला असतो. खरी किफायत होते ती शेकडो लिटरांची टाकी घेऊन त्याच रस्त्याने जाणाऱ्या मालमोटारीची.

मद्याची गोष्ट याहून निराळी. तेथे फरक इतका मोठा की तो एका पिशवीत न मावता मोटारीच्या चोरकप्प्यात शिरतो. इन्सुलीच्या नाक्यावर राज्य उत्पादन शुल्क खात्याने गोवा बनावटीची दारू मुद्देमालासह जप्त केल्याची बातमी सिंधुदुर्गातील वाचकास इतकी सरावाची झाली आहे की तो मथळ्यावरून नजर फिरवून पान उलटतो. कायदा मोडणाऱ्यांची तरफदारी करण्याचा माझा मानस नाही. पण ज्या सरकारने दराचा एवढा मोठा चढ निर्माण करावा, त्यानेच पायथ्याशी पहारा बसवून चढावरून गडगडत येणाऱ्यांचे पंचनामे करीत राहावे, या कारभारास शहाणपण म्हणवत नाही.

आणि हा चढ काही निसर्गदत्त नव्हे, तो तिजोरीच्या गरजेप्रमाणे कमी-जास्त केला जातो. 2017 साली महामार्गांलगतची मद्यविक्री न्यायालयाच्या आदेशाने बंद झाली, तेव्हा बुडालेल्या महसुलाची भरपाई करण्यासाठी महाराष्ट्राने पेट्रोलवरील अधिभार लिटरमागे 3 रुपयांनी वाढविला. म्हणजे पिणाऱ्याची तूट जन्मात थेंब न चाखलेल्या स्कूटरस्वाराच्या माथी आली! 2021 च्या नोव्हेंबरात याच सरकारने आयात केलेल्या स्कॉचवरील उत्पादन शुल्क 300 टक्क्यांवरून 150 टक्क्यांवर उतरविले, आणि परराज्यांतील दरांशी बरोबरी झाल्यास चोरटी आयात आटोक्यात येईल, असा त्यामागील युक्तिवाद होता. तो मला सर्वस्वी मान्य आहे. पण 2025 च्या जूनमध्ये, म्हणजे पुरती चार वर्षेही लोटली नसताना, भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील शुल्क निर्मितिमूल्याच्या तिपटीवरून साडेचार पटींवर नेण्यात आले, तेव्हा त्या युक्तिवादाची कोणास आठवणही उरली नव्हती.

मद्य महाग असावे, त्याने संसार वाचतात, असे म्हणणारा एक प्रामाणिक पक्ष आहे आणि त्याच्याविषयी मला आदर आहे. परंतु पत्रादेवीपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या मनुष्याचे व्यसन मुंबईतील शुल्कवाढीने सुटेल ही आशा भूगोलाकडे पाठ फिरविल्याखेरीज बाळगता येत नाही. पेट्रोल-डिझेल जीएसटीच्या कक्षेत आणण्याचा प्रश्न एकट्या महाराष्ट्राच्या हातचा नाही, हे खरे. शेजारी राज्यांच्या अर्थखात्यांनी एकत्र बसून आपापल्या दरांतील अंतर कमी करण्यास मात्र परिषदेच्या तारखेची वाट पाहावी लागत नाही. निदान जो विचार स्कॉचच्या बाटलीपुरता मंत्रालयास सुचला, तोच इन्सुलीच्या नाक्यावर रोज पकडल्या जाणाऱ्या साध्या बाटलीस का लागू पडू नये, एवढे तरी अर्थखात्याने विधिमंडळात सांगावे.