रोगांचं सोवळं-ओवळं

आपल्याकडे रोगांनाही सोवळं-ओवळं असतं. मधुमेह सोवळ्यातला, पंगतीत बसून "माझी शुगर किती" ते सांगता येतं. एचपीव्ही म्हटलं की मात्र आवाज खाली! भाचीला त्याची लस द्यायचं ठरलं तेव्हा नातेवाईकांचा सूर एकच. "शाळकरी पोर ती, तिला कशाला तसल्या रोगाची लस?"

मंडळी, हा "तसला" शब्दच मला खटकतो.

एचपीव्ही लैंगिक संबंधातून पसरतो, खरंय. पण तो इतका सर्रास आहे की संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना कधी ना कधी होतोच. बहुधा लक्षणं नसतात, आणि दोनेक वर्षांत शरीरच त्याला हुसकावून लावतं. ज्यांच्यात तो ठाण मांडून बसतो, त्यांतल्या काही बायकांना पुढे पंधरा-वीस वर्षांनी गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होतो. यातले सुमारे ७० टक्के कॅन्सर त्याच्या १६ आणि १८ या दोनच प्रकारांमुळे.

यात चारित्र्य कुठून आलं? परपुरुषाकडे मान वर करून न पाहिलेल्या बाईलाही तो नवऱ्याकडूनच मिळू शकतो. मंगळसूत्र म्हणजे मच्छरदाणी नव्हे! निरोधनेही धोका फक्त कमी होतो, कारण हा विषाणू त्वचेच्या स्पर्शाने पसरतो.

आणि "शाळकरी पोर"? अहो, म्हणूनच तर! झालेला संसर्ग ही लस बरा करत नाही, ती आधीच घ्यायची असते. ९ ते १४ हे त्यासाठी उत्तम वय. गोवराची लस आपण गोवर उठल्यावर देतो का? पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून मिळते. मुलग्यांनाही देता येते बरं का.

आता माम्या-काकवांनो, तुमच्याकडे वळते. तिशीनंतर तपासणी हवीच, लस घेतलेली असली तरीही. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार बायकांचा अभ्यास झाला. २००९ साली निष्कर्ष आले. ज्या गटाची एकदाच एचपीव्ही चाचणी करून गरजेप्रमाणे उपचार केले, त्यात या कॅन्सरचे मृत्यू तपासणी न केलेल्या गटाच्या जवळपास निम्मे होते. एकदाच, हं! खेड्यापाड्यातल्या बायका पुढे आल्या, आणि शहरात राहून लाजतो आपण.

असो. आधी स्त्रीरोगतज्ज्ञाची वेळ घ्या. मग माझ्याशी हवं तेवढं भांडा.