पिस्टन, मुसळ आणि दट्ट्या

मार्च १९३६. तत्कालीन चांदा जिल्ह्यातील सावली येथे गांधी सेवा संघाचे अधिवेशन भरले होते आणि गांधीजी स्वतः तेथे उपस्थित होते. डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यात स्थापन झालेला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ त्या काळात हातसडीच्या तांदळाचा आग्रह धरत होता. सावलीसारख्या धानाच्या मुलखात हा प्रश्न अगदी घरचा: धान मुसळाने कांडावे, की इंजिनावर चालणाऱ्या गिरणीत द्यावे?

या वादात एक गंमत दडलेली आहे. त्या इंजिनाच्या पोटातही मुसळच होते, निदान नावापुरते.

‘पिस्टन’ हा शब्द इंग्रजीने फ्रेंचमधून घेतला आणि फ्रेंचने इटालियन ‘पिस्तोने’वरून. त्याच्या मुळाशी कुटणे, कांडणे या अर्थाचे क्रियापद आहे. लॅटिनमधील ‘पिन्सेरे’ म्हणजे कुटणे आणि संस्कृतमधील ‘पिष्’ धातू ही एकाच कुळातील भावंडे होत. याच ‘पिष्’पासून पिष्ट, पिष्टावरून आपले पीठ आणि वादविवादात हमखास उपयोगी पडणारे पिष्टपेषण! नळकांड्यात खालीवर होणारा तो तुकडा पाहून युरोपीय कारागिरांना खलबत्त्याची आठवण झाली असावी.

लेखनाचा प्रश्न येथेच सुटतो. परभाषेतून आलेल्या शब्दात मराठी ‘स्ट’ लिहिते: पोस्ट, मास्टर, तसेच पिस्टन. तथापि एखाद्या गॅरेजच्या पाटीवर ‘पिष्टन’ दिसले, तर हसण्याची घाई करू नये. लेखन अशुद्ध खरे, पण चुकणारा नकळत मुळाच्या अधिक जवळ गेलेला असतो.

आता मराठी प्रतिशब्दाकडे. शास्त्रीय मराठीत पिस्टनला ‘दट्ट्या’ म्हणतात. अनेक तरुणांना तो ओढूनताणून केलेला, हास्यास्पद अनुवाद वाटतो. हा समज अन्यायाचा आहे. दट्ट्या म्हणजे तोंड घट्ट बंद करणारे बूच, पिचकारीत आत सरकणारा तुकडा. संस्कृत कोशातून जुळवलेला नव्हे, हाताळणीतला शब्द.

आणि यंत्राचा इतिहास दट्ट्याच्याच बाजूने साक्ष देतो. १७१२ मध्ये थॉमस न्यूकोमेनने खाणीतील पाणी उपसण्यासाठी जे वाफेचे एंजिन उभारले, त्यातील पिस्टन काहीही कुटत नव्हता. खालची वाफ थंड होऊन पोकळी निर्माण होई आणि वरच्या हवेचा दाब त्याला खाली ढकली. खरी अडचण होती फटीची. ती बुजवण्यासाठी चामडे लावत आणि वर पाण्याचा थर ठेवत. पुढे जेम्स वॉटचे एंजिनही या फटीपाशीच अडखळले. १७७५ च्या सुमारास जॉन विल्किन्सनच्या यंत्राने सिलिंडर अचूक कोरून मिळू लागले, तेव्हा त्याचा मार्ग मोकळा झाला. म्हणजे पिस्टन या नावाने केवळ हालचाल टिपली. दट्ट्याने काम टिपले. फट बंद राहिली तरच दाब, आणि दाब असेल तरच शक्ती.

म्हणून दुकानात सुटा भाग मागताना ‘पिस्टन’च म्हणावे, तो शब्द केव्हाच मराठी विभक्ती लावून वावरू लागला आहे. परंतु पाठ्यपुस्तकातून ‘दट्ट्या’ हद्दपार करू नये. ज्या मुलाने पिचकारी उडवली आहे, त्याला तो शब्द अर्धे इंजिन समजावून देतो. ‘पिस्टन’ त्याला फक्त पाठ करावा लागतो.

गावातील हापशीचेच पाहा. आतला वायसर झिजला की दांडा कितीही मारा, पाणी वर येत नाही. न्यूकोमेनचे चामडे आणि हापशीचा वायसर यांचे काम एकच आहे.